धुराला वरची वाट हवी

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेले, मूळचे ‘पॅलेस थिएटर’ नावाचे हे नाट्यगृह कोल्हापूरकरांच्या डोळ्यांदेखत गेले. रंगमंच, पडदे, खुर्च्या, लाकूडकाम सगळ्याची राख झाली आणि छप्पर खाली आले. दगडी दर्शनी भाग तेवढा उभा राहिला. त्या रात्री अनेक कलावंतांना आणि रसिकांना रडू आवरले नाही. सुदैवाने जीवितहानी झाली नाही.

त्यानंतर आग कशी लागली, जबाबदार कोण, निधी किती, नवे नाट्यगृह जुन्यासारखेच दिसेल का, अशी पुष्कळ चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. पण माझ्यासारख्या डॉक्टरला त्या रात्रीपासून एक वेगळाच प्रश्न पडला आहे. आत नाटक रंगात आले असते, बाल्कनीपर्यंत माणसे बसलेली असती आणि अशा वेळी रंगमंचाच्या बाजूला आग लागली असती, तर धूर कुठे गेला असता?

हा प्रश्न एका नाट्यगृहापुरता नाही. तो मंगल कार्यालयांचा आहे, शिकवणीच्या वर्गांचा आहे, रुग्णालयांचा आहे, आणि तुम्ही-आम्ही राहतो त्या चार मजली अपार्टमेंटचाही आहे. आग म्हटले की आपण ज्वाळा डोळ्यांसमोर आणतो आणि पाण्याचा विचार करतो. अग्निशमन दलाचा जाणता माणूस मात्र आधी मान वर करतो आणि छपराकडे पाहतो. धूर कुठून निघतो आहे, कोणत्या रंगाचा आहे, किती जोराने बाहेर येतो आहे, हे तो वाचतो. आपणही ही नजर घ्यायला हवी, असे मला वाटते.

ज्वाळेच्या आधी धूर

बंदिस्त इमारतीत आग लागली की बहुतेकांना ज्वाळा गाठत नाहीत, धूर गाठतो. दिल्लीच्या उपहार सिनेमागृहात १३ जून १९९७ रोजी ५९ माणसे गेली. आग खाली वाहनतळालगतच्या ट्रान्सफॉर्मरला लागली होती आणि माणसे गुदमरली वरच्या बाल्कनीत. मुंबईत कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर १४ जणांचा जीव गेला. त्यांतील अनेक जण ज्वाळांपासून वाचण्यासाठी स्वच्छतागृहात शिरले होते आणि तिथेच गुदमरले. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी नवजात बालकांच्या कक्षात १० बाळे गेली. त्यांतीलही बहुतेक धुराने.

धुरात नेमके काय असते? पहिला मारेकरी कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपट आणि त्याहूनही अधिक ओढीने चिकटतो. म्हणजे छातीत हवा जाते, पण रक्तातून प्राणवायू पुढे पोचत नाही. माणसाला आधी डोके दुखल्यासारखे होते, मग गोंधळायला होते, पायातले बळ जाते. दार दोन पावलांवर असते, पण ते उघडायचे आहे हेच सुचत नाही. आगीनंतर ‘दारापाशी येऊन का पडला, बाहेर का गेला नाही?’ असे नातेवाईक विचारतात. त्याचे उत्तर बहुतेकदा हे असते.

दुसरा मारेकरी हायड्रोजन सायनाइड. जुन्या घरांत लाकूड, कापूस, सुती गाद्या असत. आता सोफ्यात फोम आहे, पडदे नायलॉनचे आहेत, छताखाली आणि भिंतींवर कृत्रिम आच्छादने आहेत. नायट्रोजन असलेला फोम आणि नायलॉन जळताना सायनाइड तयार होते. ते पेशींना प्राणवायू वापरूच देत नाही. दोन्ही विषे एकत्र आली की काही मिनिटेच हातात राहतात. तिसरा घाव उष्णतेचा. तापलेला धूर घशात गेला की स्वरयंत्राच्या आसपास सूज येते आणि ती लगेच दिसेलच असे नाही. काही तासांनी श्वासनलिकेची वाट बंद होऊ शकते.

या तिन्ही गोष्टी हवेत, छताखाली जमतात. गरम धूर हलका असतो, म्हणून वर जातो. वर वाट मिळाली नाही की छताखाली पसरतो, भिंतींना लागतो आणि मग थरावर थर चढून खाली उतरू लागतो. आधी उभ्या माणसाच्या डोक्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. म्हणूनच ‘धुरात उभे राहू नका, रांगत बाहेर पडा’ असे शिकवतात. शेवटची श्वास घेण्याजोगी हवा जमिनीलगत असते.

छप्पर का फोडतात?

अमेरिकेतील आगीची दृश्ये पाहताना अनेकांना नवल वाटते. घर जळत असते आणि काही जवान पाणी मारायचे सोडून छपरावर चढून करवतीने भगदाड पाडत असतात. हा वेडेपणा नाही. ती धुरासाठी केलेली चिमणी असते. आगीच्या बरोबर वर, छपराच्या शक्य तितक्या उंच जागी भोक पडले की तापलेला धूर आणि वायू सरळ वर निघून जातात. खाली अडकलेल्या माणसाला दिसू लागते, श्वास घेता येतो. आत शिरलेल्या जवानांच्या अंगावरची उष्णता कमी होते आणि आग आडवी पसरायची थांबते.

हे काम दिसते तितके सोपे नाही. छपरावर जाणारा जवान प्रत्येक पावलाआधी हातातल्या अवजाराने छप्पर ठोकून पाहतो. आवाज पोकळ आला किंवा पाय दबू लागला, तर मागे फिरतो. वाऱ्याची दिशा पाहून तो वाऱ्याकडे पाठ करून उभा राहतो, म्हणजे भोकातून उसळणारा धूर अंगावर येत नाही. उतरायच्या दोन वेगवेगळ्या वाटा ठेवतो. छपराला भोक पाडून झाले की लांब दांड्याने खालचे दुसरे छतही फोडावे लागते, नाहीतर वर भोक पडते आणि धूर खोलीतच राहतो. वरून त्या भोकात पाणी मारायचे नाही, हाही नियम आहे. तसे केले तर वर निघालेली वाफ आणि धूर परत खाली, आतल्या माणसांवर ढकलला जातो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खाली पाण्याची नळी भरून, जवान आगीपाशी तयार असल्याशिवाय वर भोक पाडायचे नाही.

हा शेवटचा नियम गेल्या काही वर्षांत अधिक ठळक झाला आहे. अमेरिकेतील यूएल आणि एनआयएसटी या संस्थांनी खरी घरे उभारून, ती पेटवून मोजमापे केली. त्यांतून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली, आजच्या सामानाची खोली जुन्या सामानाच्या खोलीपेक्षा फार लवकर भडकते. त्यांच्या एका गाजलेल्या तुलनेत जुन्या पद्धतीच्या, लाकूड-कापसाच्या सामानाची खोली पूर्ण पेटायला जवळपास अर्धा तास लागला. फोम आणि कृत्रिम कापडाची खोली चार मिनिटांच्या आत पेटली. दुसरी, बंद खोलीतील आग काही वेळाने हवा संपल्यामुळे दबते, विझत मात्र नाही. तो धूर म्हणजे न जळलेले इंधन असते. अशा वेळी दार, खिडकी किंवा छप्पर उघडले आणि पाणी तयार नसले, तर आत शिरलेली ताजी हवा आगीला मिळते आणि अवघ्या काही मिनिटांत खोली भडकते. त्या प्रयोगांत छपराला चार फूट बाय आठ फुटांचे भगदाड पाडूनही पाण्याविना आग आटोक्यात आली नाही, उलट वाढली.

म्हणजे छप्पर उघडणे हे औषधासारखे आहे. योग्य वेळी, योग्य जागी, पाण्याच्या जोडीने दिले तर जीव वाचतो. चुकीच्या वेळी दिले तर तेच विष होते. बघ्यांनी उत्साहाने काचा फोडणे, ‘धूर जाऊ दे’ म्हणून दुकानाचे शटर वर ओढणे, हे म्हणूनच धोक्याचे असते.

शिकागोचे नाट्यगृह

नाट्यगृहाच्या बाबतीत हा धडा जगाने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. ३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरोक्वा थिएटरमध्ये दुपारचा खेळ सुरू होता. नाताळच्या सुट्ट्या होत्या, प्रेक्षकांत बायका-मुले मोठ्या संख्येने होती. नाट्यगृह नवे कोरे होते आणि ‘अग्निरोधक’ म्हणून त्याची जाहिरात केलेली होती. रंगमंचावरच्या दिव्याची ठिणगी पडद्याला लागली. आगीच्या वेळी खाली यायचा पडदा अर्ध्यात अडकला. कलाकार बाहेर पळण्यासाठी मागचे दार उघडून गेले आणि थंड हवेचा लोट आत आला. रंगमंचाच्या वर छपरात धूर बाहेर जाण्यासाठी झडपा होत्या, पण त्या उघडणार नाहीत अशा पक्क्या बंद करून ठेवलेल्या होत्या. वर वाट नाही, मागून हवा आली. मग त्या आगीने पुढची वाट धरली. अडकलेल्या पडद्याखालून ज्वाळांचा लोळ प्रेक्षागृहात गेला. सहाशेहून अधिक माणसे मेली.

त्या झडपा उघडल्या असत्या, तर आग रंगमंच जाळून सरळ वर गेली असती आणि प्रेक्षकांना बाहेर पडायला काही मौल्यवान मिनिटे मिळाली असती. आज अमेरिकेच्या अग्निसुरक्षा संहितेत मोठ्या रंगमंचाच्या छपरात अशा झडपांसाठी रंगमंचाच्या क्षेत्रफळाच्या ५ टक्के मोकळी जागा ठेवण्याची तरतूद आहे. त्या उष्णतेने आपोआप उघडतात, आणि हाताने उघडायची सोयही असते. म्हणजे जवानाने छपरावर चढून जे भगदाड पाडायचे, ते इमारत बांधतानाच ठेवायचे आणि त्याला झाकण लावायचे.

आपली छपरे

आता अमेरिका सोडून कोल्हापुरात येऊ. अमेरिकेतील घरे लाकडी, छपरेही लाकडी फळ्यांची. ती करवतीने कापता येतात. आपल्याकडे काय आहे?

शुक्रवार पेठ, मंगळवार पेठ, महाद्वार रोडच्या आतल्या गल्ल्या येथे अजून कौलारू घरे आणि जुने वाडे आहेत. वासे, रिपा, वर कौले. धुराच्या दृष्टीने हे छप्पर सर्वांत दयाळू. चुलीचा धूर कौलांच्या फटींतून आपोआप जात असे, काही घरांत त्यासाठी धुराडे असे. जवानालाही चार कौले काढली की वाट मिळते. पण याच वाड्यांत कौलांखाली लाकडी तक्तपोशी असते. तक्तपोशी आणि कौले यांच्यामधल्या पोकळीत आग गुपचूप एका घरातून दुसऱ्या घरात सरकते, खाली बसलेल्याला पत्ताही लागत नाही. शिवाय वाळलेले लाकूड एकदा धरले की वासे जळून छप्पर अंगावर येते. त्यामुळे अशा छपरावर चढणे जवानाच्या जिवावरचे असते.

शिरोली, गोकुळ शिरगावचे कारखाने, इचलकरंजीचे यंत्रमाग येथे लोखंडी कैच्या आणि पत्रे दिसतात. लोखंड जळत नाही म्हणून आपण निर्धास्त असतो. पण ५५०–६०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोलादाची ताकद निम्म्यावर येते आणि कैची वाकते. सिमेंटचे पत्रे तापून फुटतात, तुकडे उडतात, आणि एरवीही त्यांच्यावर पाय दिला तर माणूस आरपार खाली पडतो. अशा छपरावर चढून कापाकापी करणे हा पर्यायच नाही. इमारतीच्या ताकदीचा अंदाज चुकला की काय होते, हे ९ मे २०१५ रोजी मुंबईच्या काळबादेवीने दाखवले आहे. जळती इमारत कोसळून अग्निशमन दलाचे चार अधिकारी आपण गमावले.

बाकी शहर स्लॅबचे आहे. स्लॅब करवतीने कापता येत नाही. तो लवकर कोसळत नाही ही जमेची बाजू, आणि धूर कोंडून ठेवतो ही उणी बाजू. मग अपार्टमेंटमध्ये छपरातले ‘भोक’ कोणते? जिन्याच्या शेवटी गच्चीवर उघडणारे दार. अनेक इमारतींत धुराला वर जायला तेवढीच वाट असते.

ते दार कोणत्या अवस्थेत असते, हे आज संध्याकाळी आपल्या इमारतीत जाऊन पाहा. बहुतेक ठिकाणी कुलूप असते. किल्ली चेअरमनांकडे, चेअरमन पुण्याला मुलाकडे. दारामागे जुन्या गाद्या, गणपतीच्या सजावटीचे थर्माकोल, सायकली. खाली तळमजल्यावर जिन्याखालीच सगळे वीजमीटर, आणि त्यांच्या शेजारी दुचाकींची रांग. मीटरच्या खोलीत आग लागली की जिना हीच इमारतीची चिमणी होते, पण वरचे तोंड बंद असलेली चिमणी. घाबरलेली माणसे धुरातून वर पळतात आणि कुलपापाशी अडकतात.

त्यात आता दोन नव्या गोष्टींची भर पडली आहे. पावसापासून बचाव म्हणून गच्चीवर सर्रास पत्र्याची शेड उभी राहते आणि चारी बाजूंनी ती बंदही केली जाते. मग गच्चीचे दार उघडूनही धूर शेडमध्येच साठतो. दुसरी गोष्ट सौरपट्ट्यांची. त्या जरूर बसवाव्यात, पण मुख्य वीज बंद केली तरी उजेड असेपर्यंत पट्ट्यांतून वीज तयार होत राहते, हे जवानांना आणि रहिवाशांना माहीत हवे. दाराच्या तोंडाशी त्या बसवल्या, तर वर जायची वाटच विजेने अडते.

गंमत अशी की धुराला वाट द्यायची अक्कल आपल्याकडे नवी नाही. आपल्या गुऱ्हाळघरांकडे पाहा. काहिलीवरची वाफ जायला बाजू मोकळ्या आणि चुलवाणाचा धूर जायला उंच धुराडे. ते बांधणाऱ्याने कोणती संहिता वाचली नव्हती, पण गरम हवा वर जाते आणि तिला अडवले तर माणसाला त्रास होतो, हे तो जाणत होता. आम्ही शिकल्या-सवरल्यांनी काचा, वातानुकूलन आणि फॉल्स सीलिंग यांच्या नादात ते विसरून टाकले.

‘पण चोरांचे काय?’

गच्चीचे दार मोकळे ठेवा म्हटले की सोसायटीच्या बैठकीत हरकती येतात, आणि त्या खोट्या नाहीत. चोर येतात, पोरे वर जाऊन दारू पितात, लहान मुले कठड्यावर चढतात. माझे म्हणणे दार सताड उघडे ठेवा असे नाही. आतून ढकलताच उघडेल आणि बाहेरून उघडणार नाही, अशी कडी बाजारात मिळते. तेही नको असेल तर दाराशेजारी काचेच्या लहान पेटीत किल्ली ठेवा. जिन्याच्या सर्वांत वरच्या भिंतीत कायम उघडी राहणारी जाळी किंवा पाऊस आत येणार नाही अशा तिरक्या पट्ट्यांची खिडकी बसवा. हा खर्च एका गणेशोत्सवाच्या मंडपाहून कमी आहे.

सभागृहवाल्यांची हरकत वेगळी असते. ‘वर झडपा ठेवल्या तर एसीचा गारवा जातो, आवाज बाहेर जातो.’ झडप एरवी बंदच असते. उष्णतेने किंवा धुराच्या इशाऱ्याने ती उघडते. गारव्याची काळजी तेवढ्याने मिटते.

कारखानदार म्हणतात, ‘आमच्या छपरावर वाऱ्याने फिरणारे पंखे आहेत की.’ ते रोजच्या उकाड्यासाठी चांगले आहेत. पण मोठ्या आगीचा धूर बाहेर टाकण्याएवढे त्यांचे तोंड नसते. आढ्यावरची लांब झडप किंवा उष्णतेने वितळून मोकळे होणारे तावदान ही वेगळी सोय आहे आणि ती शेड बांधतानाच करायची असते.

काय व्हायला हवे

पहिली मागणी केशवराव भोसले नाट्यगृहाबाबत. जुने रूप जपावे, त्यात दुमत नाही. पण रंगमंचाच्या वर आपोआप आणि हाताने अशा दोन्ही प्रकारे उघडणाऱ्या धूरझडपा, रंगमंच आणि प्रेक्षागृह यांच्यामध्ये आग अडवणारा पडदा, आणि न पेटणारे किंवा उशिरा पेटणारे आतले साहित्य, या तीन गोष्टी आहेत की नाहीत, हे नागरिकांना नकाशासह दाखवावे. शाहू महाराजांनी युरोप पाहून आल्यावर आपल्या रयतेसाठी त्या काळातले सर्वोत्तम आणले. आज आपणही त्याच दर्जाची सुरक्षितता मागावी. दर वर्षी एकदा त्या झडपा प्रेक्षकांसमोर उघडून दाखवाव्यात. शिकागोत झडपा होत्याच, त्या उघडत नव्हत्या हे विसरू नये.

दुसरी मागणी तपासणीची. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे इमारतीच्या मालकाने किंवा वापरणाऱ्याने आगीची साधने चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत द्यायचे असते. बहुतेक ठिकाणी ही तपासणी लाल नळकांड्यांपाशी संपते. त्यात एक साधा प्रश्न वाढवावा: या इमारतीतला धूर कुठून बाहेर जाणार? तपासणाऱ्याने जिना चढून वर जावे आणि दार उघडून पाहावे.

तिसरी मागणी जवानांसाठी. धुरात शिरणाऱ्या प्रत्येकाला पाठीवर हवेची टाकी असलेला श्वसनसंच, उष्णता दाखवणारा कॅमेरा आणि धूर बाहेर ढकलणारे पंखे मिळायला हवेत. कौले, पत्रा आणि स्लॅब या आपल्या छपरांवर सराव व्हायला हवा, केवळ परदेशी चित्रफिती पाहून नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमन कामाचा समावेश माणसांत कर्करोग घडवणाऱ्या कारणांच्या पहिल्या गटात केला. तोंडाला ओला रुमाल बांधून आत जाणाऱ्या जवानाचे कौतुक आपण टाळ्यांनी करतो. त्याऐवजी त्याला चांगला श्वसनसंच द्या, कामानंतर कपडे बदलायला आणि अंघोळीला जागा द्या, आणि दर वर्षी फुफ्फुसांची तपासणी करा.

घरच्यांनी लक्षात ठेवायचे

आपल्या घरात आग लागली आणि बाहेर पडता येत असेल तर पडा, पण जाताना पेटलेल्या खोलीचे दार ओढून घ्या. बंद दार धूर आणि हवा दोन्ही रोखते. आग दुसरीकडे असेल आणि जिन्यात धूर दाटलेला दिसला, तर त्यात उडी घेऊ नका. घराचे दार लावा, खालच्या फटीत ओले कापड कोंबा, रस्त्याकडच्या खिडकीत किंवा बाल्कनीत जा, १०१ वर फोन करा आणि कितव्या मजल्यावर किती माणसे आहेत ते सांगा. लिफ्ट वापरू नका. स्वच्छतागृहात लपू नका, तिथे धुराला वाटही नसते आणि शोधणाऱ्यालाही तुम्ही सापडत नाही. बाहेर पडल्यावर पाकीट, दागिने किंवा मोबाइलसाठी परत आत जाऊ नका.

आणि डॉक्टर म्हणून एक आग्रह. धुरातून बाहेर आलेला माणूस ‘मी ठीक आहे’ म्हणतो आणि घरी जाऊन झोपतो. तसे होऊ देऊ नका. आवाज बसला असेल, नाकात किंवा थुंकीत काजळी असेल, नाकातले केस जळले असतील, डोके दुखत असेल, मळमळत असेल, थोडे जरी गोंधळल्यासारखे वाटत असेल, किंवा बाहेर काढेपर्यंत क्षणभर शुद्ध गेली असेल, तर थेट रुग्णालयात आणा. बोटाला लावायच्या यंत्रावर आकडा ९८ दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका. ते यंत्र हिमोग्लोबिनला चिकटलेला प्राणवायू आणि कार्बन मोनॉक्साइड यांत फरक करू शकत नाही. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. तोंडावर घट्ट मास्क लावून पूर्ण प्राणवायू दिला तर तासा-दीड तासात. हा फरक मेंदू वाचवणारा असतो. गरोदर बाईला तर लक्षणे नसली तरी आणा, कारण पोटातल्या बाळावर या वायूचा परिणाम अधिक होतो. आणि काही रुग्णांत विसरभोळेपणा, चिडचिड, चालताना तोल जाणे ही लक्षणे काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी सुरू होतात. तेव्हा धुराची ती रात्र डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आगीनंतर रुग्णालयात पोचलेल्या माणसासाठी आम्ही पुष्कळ करू शकतो. पण जो जिन्यातच गुदमरला, त्याच्यासाठी आमच्याकडे काहीही नसते. त्याचा जीव वाचवणारा निर्णय आग लागण्याच्या कितीतरी वर्षे आधी, कुणीतरी नकाशावर झडप दाखवली की नाही, सोसायटीच्या बैठकीत कुलपाचा विषय निघाला की नाही, तिथेच झालेला असतो. तुमच्या इमारतीच्या पुढच्या बैठकीत रंग आणि लिफ्टच्या खर्चाआधी हा विषय घ्या. त्याआधी आज रात्री जेवण झाल्यावर जिना चढून वर जा आणि गच्चीचे दार ढकलून पाहा.

(लेखक सरकारी रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहेत.)